छायाचित्रातील नाणे आणि हातातील नाणे

साक्षीदाराची उलटतपासणी घेता येते. छायाचित्राची घेता येत नाही. जुन्या नाण्यांची प्रत केवळ छायाचित्रावरून ठरविण्याचा जो प्रघात अलीकडे पडला आहे, त्यावर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

निपाणीकडील एका घरात तीन भावांची वाटणी व्हावयाची होती. देवघरातील पिशवीत वाडवडिलांपासूनच्या शिवराया होत्या. त्यांची छायाचित्रे एका दूरच्या व्यापाऱ्याकडे गेली आणि तिकडून प्रत व मोल यांची यादी आली. लखलखीत शिवराई पहिल्या प्रतीची ठरली. काळसर शिवराई तांब्याच्या भावात गेली. थोरल्या बंधूंनी पिशवी आमच्यापुढे ओतली, तेव्हा नेमका उलट प्रकार दृष्टीस पडला. लखलखीत नाणे दर दिवाळीस चिंच व राख लावून घासलेले होते. अक्षरांच्या कडा बोथट होत्या आणि भिंगाखाली असंख्य ओरखडे दिसत होते. काळसर नाण्यावर मात्र ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे ठसठशीत उभी होती, आणि तिची तपकिरी कांती काळाने चढविलेली होती. संग्राहक ज्या कांतीस मोल देतो तीच छायाचित्रात मळ ठरली, आणि घासून आणलेली चकाकी गुण ठरली.

दोष एकट्या यंत्राचा नव्हे. समोरून प्रखर प्रकाश पाडला की उठाव सपाट भासतो. बाजूने तिरपा पाडला की झिजलेले अक्षरही उंच वाटते. त्यातच मोजपट्टी परकी. 1 ते 70 अंकांची जी श्रेणी आज जगभर चालते, ती शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी मांडली. आपली शिवराई हातोड्याच्या घावाने पाडलेली. ठसा मोठा, चकती लहान. ‘छत्रपति’मधील एखादे अक्षर चकतीबाहेर राहिले तर ती झीज नव्हे. झीज प्रथम उंच भागी लागते व तेथे गुळगुळीतपणा आणते. ठसा कच्चा पडला असेल तर तेथील धातू मूळचा खडबडीत राहतो. हा भेद बोटाला व भिंगाला कळतो, छायाचित्राला क्वचितच.

वजनाचेही तसेच. व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅम भरला पाहिजे; छायाचित्रास वजन नाही. दागिन्यात ओवण्यासाठी जोडलेली कडी पुढे काढून टाकल्याची खूण, किंवा ओतीव नकलेचा सांधा, नाण्याच्या काठावर असतो. आणि चित्रे दोन्ही बाजूंची निघतात, काठाचे कोणी काढीत नाही.

आमच्या वाचकांच्या देवघरांत आणखी एक वस्तू हमखास आढळते: ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, 1818 साल आणि मारुती किंवा रामदरबार असलेला ‘अर्धा आणा’. कंपनीने असे नाणे कधी पाडलेच नाही. ती भक्तांसाठी मागाहून केलेली मुद्रा होय. पूजेस ती योग्यच, परंतु तिच्या सुरेख छायाचित्रावर भुलून हजारो रुपये मोजणे योग्य नव्हे.

तरीही छायाचित्र टाकाऊ आहे असे आम्ही म्हणत नाही. दूरदूरच्या दोन संग्रहांतील नाणी एकाच ठशाची आहेत काय, हे त्यावरूनच ताडता येते. प्रकाशाच्या दोन दिशांनी, काठासह व वजन नोंदवून ते काढले, तर प्राथमिक मतास ते पुरेसे आहे. पण 1872 चा पुरावा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी मूळ दस्तऐवज हाच प्राथमिक पुरावा, हे तत्त्व ढळलेले नाही. नाण्यासही तोच न्याय लागू पडावा.

त्या घरातील यादी रद्द झाली. तिघा भावांनी नाणी समक्ष तोलून, भिंगाखाली पाहून नवी वाटणी केली. घासलेली शिवराई मात्र यादीतून वगळली गेली. तिच्यावरची झीज आजीच्या हातची होती. ती देवघरातच राहिली.