उमरावाला बालपण, उपाश्यांना फक्त दात

'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधला (१९९१) अँथनी हॉपकिन्सचा हॅनिबल लेक्टर कोठून आला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो भिववतो. पीटर वेबरच्या 'हॅनिबल रायझिंग'ने (२००७) ते सांगितले आणि भीतीच संपली. पटकथा पुन्हा मूळ कादंबरीकार थॉमस हॅरिसचीच!

दुसऱ्या महायुद्धात, लिथुआनियात, उपाशी लुटारू हॅनिबलच्या चिमुकल्या बहिणीला मारून खातात. पुढे तो एकेकाचा सूड घेतो. पण हा गढीवाल्या उमरावाचा मुलगा. त्याला बालपण आहे, दुःख आहे, तलवार शिकवणारी काकू आहे. लुटारू नाझींच्या चाकरीला लागलेले, गुन्हेगार खरेच. तरी ते कोणत्या घरचे, त्या चाकरीपर्यंत कसे पोचले, याची चौकशी कॅमेरा करीत नाही. दुःखाचा सातबाराही उमरावाच्याच नावे!

महागावात आम्ही चौघांनी हा चित्रपट पाहिला. आमच्यातले वयोवृद्ध कार्यकर्ते मध्येच म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मीबी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. आमी कोनाले खाल्लं बाप्पा?" आणि उठून गेले. मी गास्पार उलिएलच्या अभिनयाच्या आशेने शेवटपर्यंत बसलो. एका तिरक्या हास्यापलीकडे हाती काही लागले नाही.