शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचा निवाडा

शाहिरी रचनेचा मराठी समीक्षेत झालेला विचार बहुतांशी सुट्या रचनेचा विचार आहे. संग्राहकांनी बाडांतून लावण्या मिळवल्या, पाठ ठरवले, कर्तृत्वाचे प्रश्न सोडवले. हे काम मोलाचे आहे. परंतु कलगी-तुऱ्याच्या झगड्यातील सवाल छापील पानावर एकटा उभा राहिला की त्याची निम्मी संहिताच हरवते. सवाल ही अर्धी रचना असते. तिचा उत्तरार्ध प्रतिपक्षाने, त्याच बैठकीत, त्याच चालीवर रचावयाचा असतो. अशा जोडरचनेत सरस कोण ठरला, हे सांगण्यासाठी सुट्या कवितेचे निकष अपुरे पडतात.

कलगीपक्ष शक्तीला, म्हणजे प्रकृतीला वा मायेला श्रेष्ठ मानतो. तुरेवाले शिवाला, म्हणजे पुरुषाला. कोकणात याच परंपरेला शक्ती-तुरा म्हणतात. मध्ये बसलेले शाहीर व वादक आणि भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारे बाले, हे तिचे जाखडीतील रूप. चाकरमान्यांबरोबर ती गिरगाव-परळपर्यंत आली. परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद होईपर्यंत या सामन्यांचे एक प्रमुख ठिकाण होते. कोकणी वस्ती पुढे दहिसरचा नाका ओलांडून काशीगाव, मीरा रोडपर्यंत सरकली, तसा या कलेचा श्रोताही सरकला. या श्रोत्याला प्रकृती थोर की पुरुष, याचा अंतिम निर्णय नको असतो. तो एका रात्रीत लागला तर दुसऱ्या दिवशी दोन्ही फडांना काम उरणार नाही. निवाडा होतो तो वाद कसा चालवला गेला याचा.

येथे न्यायशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरते. गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार आहेत : तत्त्वनिर्णयासाठी वाद, जयासाठी जल्प, आणि स्वपक्ष न मांडता केवळ परपक्ष खोडणारी वितंडा. शक्ती-तुरा हा उघडच जल्प होय. पराजय कोठे होतो हे सांगणारी बावीस निग्रहस्थानेही सूत्रकारांनी दिली आहेत. शाहिरांनी ही सूत्रे वाचली होती, असा दावा करण्याचे कारण नाही. मात्र जाणता श्रोता ज्या जागी मान हलवतो किंवा हसतो, त्या जागांना नावे हवी असतील तर ती येथे आयती मिळतात.

'अननुभाषण' हे त्यांपैकी एक. वाद्याने तीनदा सांगितलेले आणि सभेला कळलेले विधान प्रतिवाद्याला पुन्हा मांडता आले नाही, तर तो हरला. शाहिरीत हे पुनर्मांडणीचे काम चाल करते. प्रतिपक्षाची चाल, त्याच्या यमकाची जागा, ध्रुपदाची ठेवण उचलून जवाब देणे म्हणजे 'तुझे म्हणणे मी पूर्ण ऐकले' हे सुरांत सिद्ध करणे होय. घरून बांधून आणलेले पद कितीही घाटदार असले तरी येथे उणे पडते. छापील संग्रहात नेमके तेच अधिक देखणे दिसते, ही आपल्या अभ्यासाची गोची आहे.

याहून रोचक आहे 'अविज्ञातार्थ'. तीनदा बोलूनही सभेला आणि प्रतिवाद्याला अर्थ लागला नाही, तर दोष बोलणाऱ्याचा! भेदिक रचनेतील कूटांना हा निकष लावला की पुष्कळ दबदबा ओसरतो. समजा, समुद्रमंथनातून आधी काय निघाले, असा सवाल पडला. भागवतात प्रथम हलाहल येते. विष्णुपुराणात सुरभी आधी आणि विष पुष्कळ नंतर. कोणत्या पोथीचा आधार घेतला हे न सांगता सवाल टाकणारा शाहीर प्रतिपक्षाला कोंडीत धरतो खरा, पण ती कोंडी ज्ञानाची नसते, लपवाछपवीची असते. उलट, 'कोणते पुराण ते आधी सांग' असे चालीत बसवून विचारणारा शाहीर उत्तर न देताही जिंकतो.

आज या कलेचे खरे दुखणे आहे ते वैयक्तिक टोमण्यांचे. गण-गवळण आटोपली की काही सामने लवकरच उखाळ्यापाखाळ्यांवर येतात. समोर स्त्री शाहीर असेल तर द्व्यर्थी शेरेबाजीला ऊत येतो. यावरची टीका सहसा सभ्यतेच्या नावाने होते आणि 'लोककला अशीच असते' या उत्तराने ती बोथट केली जाते. वादाच्या अंगाने पाहिल्यास हे उत्तर टिकत नाही. स्वतःवरील आक्षेप न खोडता 'तूही तसाच' म्हणणे ही 'मतानुज्ञा' होय. तीत आक्षेप मान्य झालेला असतो. शक्तीचा कैवार घेऊन गाणारा शाहीर समोरच्या स्त्रीच्या देहावर घसरला, तर त्याने आपलाच पक्ष बुडवला. टाळ्या कितीही पडोत, निवाडा त्याच्याविरुद्धच गेला पाहिजे.

अर्थात या शास्त्राला गळा नाही. अचूक जवाब निर्जीव गायला गेला तर काय, याविषयी न्यायसूत्रे मूक आहेत. ढोलकीच्या लयीवर शब्द कसा पेलला जातो, याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागेल.

मुंबईच्या नव्या रॅपमध्येही हाच पेच वेगळ्या रूपात दिसतो. एमिवे बंटाय आणि रफ्तार यांच्यातील २०१८ चा झगडा ध्वनिमुद्रित गाण्यांतून झाला. जवाबासाठी अवधी मिळाला, चाल स्वतःची निवडता आली, आणि कौल बघणाऱ्यांच्या आकड्यांत शोधला गेला. समोरासमोरच्या रॅपसामन्यात मात्र वेळ बांधलेली असते, समोरच्याची ओळ उलटवण्याला दाद मिळते, आणि पाठ करून आणलेले कडवे सरावलेल्या श्रोत्याला ओळखू येते. सूत्रकारांच्या यादीत एक निग्रहस्थान आहे : वेळेवर उत्तर न सुचणे. त्याला त्यांनी 'अप्रतिभा' म्हटले आहे. काव्यशास्त्राने ज्या शक्तीला कवित्वाचे बीज मानले, तिचाच अभाव येथे पराभवाचे नाव होतो. ध्वनिमुद्रित झगड्यात हे निग्रहस्थान उद्भवूच शकत नाही; शक्ती-तुऱ्याच्या बैठकीत ते प्रत्येक ध्रुपदाच्या शेवटी, ढोलकी क्षणभर थांबते तेव्हा, समोर उभे असते.