पेट्रोलचा अणुबॉम्ब

क्रिस्टोफर नोलन यांचा ‘ओपनहायमर’ जुलै २०२३ मध्ये आला. तेव्हापासून शिक्षक मला हमखास एक प्रश्न विचारतात : त्यातला स्फोट वर्गात दाखवावा का? हा स्फोट संगणकावर तयार केलेला नाही, ‘खरा’ आहे, अशी त्याची ख्याती आहे.

स्पेशल इफेक्ट्स सांभाळणारे स्कॉट फिशर यांनी त्याची कृती मोकळेपणाने सांगितली आहे. मुख्यतः पेट्रोल आणि प्रोपेन, व झगझगाट वाढवण्यासाठी अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमची पूड. जाळ शक्य तितका मोठा करायचा आणि कॅमेऱ्याच्या जवळ आणायचा, म्हणजे तो दूरचा व प्रचंड भासतो. मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवलेल्या कोणाही शिक्षकाला यातली युक्ती कळेल. पेट्रोलची ज्योत तापलेल्या काजळीमुळे पिवळी दिसते. धातूची पूड तिला पांढरी धार देते.

कारागिरी उत्तम आहे. पण जाळ खरा असला म्हणून अणुस्फोट खरा होत नाही. पेट्रोलचा गोळा तापलेल्या हवेच्या उद्धरणाने, सावकाश उफाळत वर जातो. १६ जुलै १९४५ च्या पहाटे न्यू मेक्सिकोत जे घडले त्याची सुरुवात वेगळी होती. बॉम्बमधले द्रव्य क्षणार्धात कोट्यवधी अंशांपर्यंत तापले, त्यातून निघालेले क्ष-किरण भोवतालच्या हवेनेच शोषले, आणि ती हवा अग्निगोल होऊन आघाततरंगाच्या वेगाने फुगली. ०.०१६ सेकंदाला त्याची रुंदी सुमारे २०० मीटर होती. त्या वेळी तो जवळजवळ गुळगुळीत घुमटासारखा दिसतो. ज्वालांच्या जिभा नाहीत, काजळी नाही. पुढे ढग वर चढू लागतो तेव्हा मात्र दोन्हींचे शास्त्र एकच, आणि तिथे चित्रपट खराच जवळ येतो.

हा घुमट आपल्याला दिसतो तो दुसऱ्याच एका कॅमेरामनमुळे. बर्लिन ब्रिक्सनर हे त्या चाचणीचे मुख्य छायाचित्रकार. त्यांच्या वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेली, वेळ आणि लांबीची पट्टी असलेली चित्रे पुढे खुली झाली आणि जी. आय. टेलर यांनी त्यांवरून बॉम्बची ऊर्जा काढली. मिती जुळवल्या तर ऊर्जा ही घनता × त्रिज्येचा पाचवा घात ÷ काळाचा वर्ग इतकी येते. ०.०२५ सेकंदाला त्रिज्या १३० मीटर, हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रतिघनमीटर घ्या. उत्तर सुमारे ७ × १०^१३ ज्यूल, म्हणजे १७ हजार टन टीएनटी. आज हा आकडा २१ ते २५ हजार टन धरतात. एका छायाचित्रावरून इतके जवळ जाता येते! दहावीचा हुशार मुलगा हे गणित करील. नोलन यांच्या जाळावर ते करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र वर्गात जरूर दाखवावी. पडद्यावर उजेड फाकतो आणि आवाज येत नाही. बहुतेक चित्रपटांत स्फोट आणि धडाका एकदमच येतात. नियंत्रण कक्ष सुमारे ९ किलोमीटरवर होता, तेव्हा ध्वनीला २७ सेकंद लागायला हवेत. मुलांना आधी गणित करू द्यावे, मग दृश्य दाखवावे.

पेट्रोलच्या जाळात जी गोष्ट येऊच शकत नाही ती किरणोत्सर्गी धूळ. वाळू वितळून तिची हिरवट काच झाली, आणि धूळ वाऱ्याबरोबर आसपासच्या वस्त्यांवर व गुरांवर पडली. चित्रपटात तो प्रदेश ओसाड दिसतो आणि हे लोक दिसत नाहीत. माझी खरी तक्रार ही आहे. ज्वालांच्या रंगाचे मी सोडून देईन. न्यू मेक्सिकोतल्या या लोकांचा नुकसानभरपाईच्या कायद्यात समावेश झाला तो जुलै २०२५ मध्ये, चाचणीला ८० वर्षे होत असताना.