सहीच्या वरचा मजकूर

सोलापुरात बुधवार पेठेतील एका घरी भिंतीवर एक फ्रेम पाहिली. चळवळीतल्या एका दिवंगत पुढाऱ्याचे पत्र. फ्रेम करणाऱ्याने पुठ्ठा असा कापला होता की शेवटची दीड ओळ आणि सही तेवढी दिसावी. वर काय लिहिले आहे, हे घरातल्या तरुणाला ठाऊक नव्हते. सही अस्सल आहे, हे मात्र त्याने दोनदा सांगितले.

थोरांच्या सह्या जमविण्याचा हा प्रस्थापितांचा छंद आता आपल्या वस्तीत आला आहे. गांधीजी आपल्या सहीचे पाच रुपये घेत व ते हरिजन फंडात टाकीत. सही घेणाऱ्याला पुण्य लाभे. अस्पृश्याच्या उंबऱ्याशी जाण्याची तसदी त्याला पडत नसे. 2012 साली भारत सरकारने गांधी-कालेनबाख पत्रसंग्रह लिलावाआधीच सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतला. तो फुटला नाही, हे बरेच झाले. आमची कागदपत्रे फुटतात तेव्हा बातमीही होत नाही.

शंकरराव खरातांनी बाबासाहेबांची पत्रे ग्रंथरूपाने दिली, हे ऋण मोठेच. पण आपल्या एकूण पत्रसंग्रहांत एकच आवाज ऐकू येतो, तो बाबासाहेबांचा. 3 मार्च 1934 चे भाऊराव गायकवाडांना लिहिलेले पत्र घ्या. नाशिकला रामनवमीस सत्याग्रह करावा काय, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मूर्तिपूजक होण्यासाठी आपण मंदिरप्रवेश मागितला नव्हता, असे बाबासाहेब त्यात स्पष्ट करतात. या पत्राला अर्थ येतो तो त्या प्रश्नामुळे. प्रश्न विचारणारा कार्यकर्ता वगळला की चळवळ उरत नाही, उरतो फक्त महापुरुष!

सोलापूरने हे अधिक ध्यानात घ्यावे. बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह 4 जानेवारी 1925 ला येथेच निघाले. सभेचे कार्यालय मुंबईत, परळला. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे 1937 साली कायदेमंडळात गेलेले जीवाप्पा ऐदाळे येथलेच. अशा माणसांनी मुंबईला काय लिहिले, धान्याची व फीची कोणती अडचण कळविली, हे संग्राहकाला नको असते. त्या कागदावर सही ‘मोठ्या’ माणसाची नसते ना!

त्या तरुणाला म्हटले, पुठ्ठा काढ, पत्र उतरवून घेऊ. पाठीमागेही कोणी काही लिहिले असेल. तो म्हणाला, कागद फाटला तर किंमत जाईल.

फ्रेम अजून भिंतीवरच आहे.