‘मेरू’ बघा, पण शेवटावरून निकाल लावू नका

संशोधनाच्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्याला कुणी ना कुणी एक ‘प्रेरणादायी’ चित्रपट सुचवतोच. जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासरहेली यांचा ‘मेरू’ (2015) हा माहितीपट त्या यादीत हमखास असतो. जरूर बघा. पण तो जिद्दीची गोष्ट म्हणून बघितलात, तर संशोधनाला सगळ्यात उपयोगी भाग तुमच्या हातून निसटेल. तो भाग नियोजनाचा आहे, आणि त्याबाबतीत या चित्रपटाशी माझं थोडं भांडण आहे.

आधी विषय. गढवालमध्ये गंगोत्रीच्या वरच्या अंगाला मेरू शिखर आहे. त्याच्या मधल्या सुळक्याला, साधारण 6,300 मीटर उंचीवर, शार्कच्या पंखासारखी एक खडकाची धार आहे. या चढाईची रचना नीट समजून घ्या. आधी सुमारे 1,200 मीटर बर्फ आणि खडक यांची मिश्र चढण, आणि ती संपल्यावर सुमारे 450 मीटर जवळजवळ गुळगुळीत ग्रॅनाइट. म्हणजे सगळ्यात अवघड काम सगळ्यात शेवटी, माणूस थकलेला असताना. त्यासाठी लागणारं सामान मात्र पहिल्या दिवसापासून ओढत न्यायचं, तेही सुमारे 90 किलो. पीएच.डी.चंही असंच असतं. विश्लेषण आणि लेखन शेवटी येतं, तेव्हा फेलोशिप संपत आलेली असते. चित्रपट ही रचना फार छान उलगडून दाखवतो आणि त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

2008 मध्ये कॉनरॅड अँकर, जिमी चिन आणि रेनान ओझटर्क हे तिघे सात दिवसांचं अन्न घेऊन निघाले. वादळानं त्यांना चार दिवस कड्यावर टांगलेल्या तंबूत अडकवून ठेवलं. सात दिवसांची मोहीम वीस दिवसांवर गेली. शिखर जेमतेम शंभर मीटर राहिलं असताना ते मागे फिरले. माझ्या मते हा या चित्रपटातला सगळ्यात मोठा निर्णय आहे. त्या क्षणी हातात काय होतं? संपत आलेलं अन्न, थंडीनं सुजलेले पाय, मावळत चाललेला दिवस आणि उतरायचा सगळा कडा. या माहितीवर तो निर्णय बरोबरच होता. चित्रपट मात्र त्याच्याकडे जखम म्हणून बघतो, पुढे कधीतरी भरून काढायची जखम.

आता 2011. पुन्हा तेच तिघे. मोहिमेच्या जेमतेम पाच-सहा महिने आधी ओझटर्कच्या कवटीला आणि मानेच्या मणक्यांना गंभीर इजा झाली होती. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या एका धमनीलाही धक्का बसला होता. तरी अँकरनं त्याला सोबत घेतलं. कड्यावर एका टप्प्याला ओझटर्कला बोलताच येईना. काळजी झाली, चर्चा झाली आणि चढाई पुढे चालू राहिली. ऑक्टोबरमध्ये ते शिखरावर पोचले.

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा: ओझटर्क त्या कड्यावर गेला असता, तर याच निर्णयाला आपण काय म्हटलं असतं? निर्णय तोच, माहितीही तीच, फक्त शेवट वेगळा. निकालावरून निर्णयाची किंमत ठरवणं ही चूक आपण प्रयोगशाळेत रोज पकडतो आणि आयुष्यात रोज करतो. 2008 ची माघार अपयश आणि 2011 ची चढाई उत्तर, अशी मांडणी चित्रपटाला सोयीची आहे. माझ्या हिशेबात पहिला निर्णय पक्का होता आणि दुसरा शंकास्पद, फक्त सुदैवानं निभावलेला. आजारी असताना ‘अजून थोडं रेट’ असं ऐकून रेटत राहिलेले आणि न निभावलेले संशोधक तुम्हाला पडद्यावर दिसणार नाहीत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढत नाही.

दुसरी तक्रार ‘गाईड’बद्दल. आपल्याकडे डोंगरातला वाटाड्याही गाईड आणि पीएच.डी.चा मार्गदर्शकही गाईड. अँकर या दोघांचा पैसे घेणारा वाटाड्या नव्हता, पण वयानं, अनुभवानं आणि अधिकारानं तो मोठा होता. 2003 मध्येही तो याच कड्यावरून परतला होता, हे स्वप्न त्याचं होतं. अशा माणसानं विश्वास टाकल्यावर धाकट्याला ‘मला जमणार नाही’ म्हणता येतं का? चित्रपट त्या विश्वासाचं कौतुक करतो आणि हा प्रश्न विचारत नाही. तुम्ही गाईड निवडताना तो जरूर विचारा.

तिसरी गोष्ट पूर्वसंशोधनाची. चित्रपट संपल्यावर मनात राहतं की मेरूच्या या सुळक्यावर आधी कुणी पोचलंच नव्हतं. प्रत्यक्षात 2001 मध्ये व्हॅलेरी बाबानोव्ह वेगळ्या वाटेनं, एकटा, मेरूच्या मधल्या शिखरावर पोचला होता. नवी होती ती वाट. ‘यावर काहीच काम झालेलं नाही’ असं आराखड्यात लिहिण्याआधी हा फरक आठवा.

मग चांगलं नियोजन कसं दिसतं? त्यासाठी हिमालयात जायला नको, आपला शाहूवाडी तालुका पुरे. पन्हाळा ते पावनखिंड आणि पुढे विशाळगड ही वाट आज लोक ऐन जुलैच्या पावसात दोन-तीन दिवसांत चालतात. नीट आखणी करणारा गट मुक्कामाचं गाव ठरवतोच, शिवाय ओढ्याला पाणी चढलं तर कुठल्या वाडीतून डांबरी रस्त्याला लागायचं, हेही आधी ठरवतो. जुलै 1660 मधली याच वाटेवरची घटना तर तुम्हाला पाठच आहे. महाराज विशाळगडावर पोचल्याची खूण तोफांच्या आवाजानं मिळणार, हे बाजीप्रभूंना ठाऊक होतं, असं आपण ऐकत आलो. त्यातल्या शौर्याबद्दल आपण भरपूर बोलतो. पण काम पुरं झाल्याची खूण काय असेल, हे लढाईला उभं राहण्याआधीच ठरलं होतं, याबद्दल क्वचितच.

तुमच्या आराखड्यात कामाचा तक्ता असेलच. त्याखाली तीन ओळी जोडा: काय दिसलं की हा टप्पा पुरा झाला असं मानायचं, काय दिसलं की मागे फिरायचं, आणि मागे फिरलो तर कुठल्या वाटेनं. या ओळी डोकं शांत असताना, म्हणजे आत्ताच लिहा आणि गाईडला दाखवा. ते त्यावर काय म्हणतात, त्यावरूनही बरंच कळेल.