आज्ञावलींचे भाषांतर : निष्ठा कोणाशी?

भाषांतर म्हटले की आपल्या समीक्षेपुढे नाटक वा कादंबरी उभी राहते. संगणकाच्या एका भाषेतील आज्ञावली दुसऱ्या भाषेत नेण्याचा उद्योग तिने तंत्रज्ञांवर सोपविला आहे. ही वाटणी आम्हांस मान्य नाही. निष्ठेचा प्रश्न तेथेही आहे, आणि तो अधिक कठोर आहे.

शब्दास शब्द ठेवल्याने काय होते, ते साध्या भागाकारात दिसते. उणे सातास दोहोंनी भागून पूर्णांक मागितला, तर सी ही भाषा उणे तीन सांगते आणि पायथन उणे चार. एक शून्याकडे वळते, दुसरी खालच्या अंकाकडे. आपापल्या व्याकरणात दोन्ही बरोबर आहेत. चिन्हाऐवजी केवळ चिन्ह बसविणाऱ्याची आज्ञावली बिनतक्रार चालेल. उत्तर मात्र चुकेल.

आता एक ख्यातनाम कृती पाहू. डोनाल्ड कनूथ यांची ग्रंथजुळणीची 'टेक' ही आज्ञावली १९७८ साली 'सेल' या भाषेत अवतरली. ती भाषा फार थोड्या यंत्रांस ठाऊक होती. म्हणून कनूथ यांनी पास्कलच्या आधारे ती नव्याने लिहिली. 'टेक ८२' ती हीच. या पुनर्लेखनात यंत्रासाठी आज्ञा आणि माणसासाठी विवरण एकाच हस्तलिखितात गुंफलेले आहे. १९८६ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाले. पुढे सी भाषेचा प्रसार झाला, आणि 'वेब टू सी' नावाचा यांत्रिक दुभाषा हाच मजकूर सीमध्ये उतरवू लागला. कनूथ यांनी मुद्दाम वाकडीतिकडी रचलेली 'ट्रिप' नावाची कसोटी जी उतरेल, तिलाच 'टेक' म्हणवून घेण्याचा अधिकार. हे भाषांतर त्या कसोटीस उतरते.

परंतु त्या सी-पाठातून विवरण गळालेले असते. माणसाने तो वाचावा असा तो नाहीच. तरीही आम्ही त्यास दोष देणार नाही. दुरुस्ती मूळ पाठातच होते, आणि सी-पाठ पुन्हा नव्याने काढला जातो.

कोबोलमधील जुन्या आज्ञावली जावामध्ये नेताना स्थिती उलटी होते. यंत्र वाक्यास वाक्य उतरविते. पोशाख जावाचा, बांधा कोबोलचा. जाणकार अशा संकरास उपहासाने 'जोबोल' म्हणतात. येथे मूळ पाठ निवृत्त होतो, आणि ही नक्कलच एकमेव प्रत ठरते. उत्तरे तीच येत असली, तरी हे भाषांतर अपुरे आहे. कारण उद्याची दुरुस्ती येथेच व्हायची आहे आणि ती करणाऱ्यास अमुक अट का घातली हे कळत नाही. १९६३ च्या राजभाषा अधिनियमामुळे द्विभाषी आदेश हाताळणाऱ्या आमच्या वाचकांस हे सहज पटेल. नियमाचा हेतू हरवला की त्याची दुरुस्ती म्हणजे अंदाज.

मग देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंजारराव' केला, तसे रूपांतर करावे काय? रचनेत अवश्य करावे; नव्या भाषेची वळणे घ्यावीत. परिणामात मात्र ते स्वातंत्र्य नाही, कारण वेतनपत्रकात एका पैशाचाही फरक चालत नाही. तेव्हा भाषांतर तपासणाऱ्याने दोन प्रश्न विचारावेत : उत्तर तेच येते काय, आणि यापुढे दुरुस्ती कोणत्या पाठात होणार? दुसऱ्याचे उत्तर 'भाषांतरात' असे असेल, तर ते यंत्रास कळून भागत नाही. माणसास वाचता आले पाहिजे.