संहिता, पदपाठ आणि गुलाबी बोंडअळी

एखाद्या कीटकाच्या संपूर्ण जनुकसंचाचा क्रम निश्चित झाल्याची वार्ता मराठीत दिली जाते, तेव्हा 'आराखडा उलगडला', 'लिपी उकलली' किंवा 'ग्रंथ वाचला' यांपैकी एखादा शब्दप्रयोग तीत हटकून आढळतो. लोकप्रिय लेखनातील अलंकार म्हणून त्यांकडे दुर्लक्ष करता आले असते. परंतु परिभाषेतून अपेक्षाही निर्माण होतात. बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्यात, जेथे कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षाचे गणित कापसाच्या बोंडावर बेतलेले असते, तेथे 'बोंडअळीचा ग्रंथ वाचला गेला' या वाक्याचा अर्थ 'आता अळीवर उपाय सापडला' असाच घेतला जाणार. तो अर्थ वाक्यात अभिप्रेत नव्हता, असे म्हणून परिभाषा घडविणाऱ्यांना मोकळे होता येणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कीटकांपैकी फळमाशीचा जनुकक्रम सर्वांआधी, 2000 साली प्रसिद्ध झाला. रेशीमकीटकाचा कच्चा क्रम चिनी व जपानी संशोधकांनी 2004 मध्ये स्वतंत्रपणे दिला व दोहोंचा मेळ घालून सुधारलेला पाठ 2008 मध्ये आला. मधमाशीचा क्रम 2006 चा, तर कापूस, तूर व हरभरा या तिन्ही पिकांवर पडणाऱ्या हिरव्या बोंडअळीचा 2017 चा. या प्रत्येक प्रसंगी जे घडले ते थोडक्यात असे: कीटकाच्या पेशींतील डीएनएचे असंख्य तुकडे करण्यात आले, प्रत्येक तुकड्यातील अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन या चार घटकांचा अनुक्रम यंत्राने टिपला आणि एकमेकांवर चढणारी टोके जुळवून संगणकाने सलग पाठ बांधला. हिरव्या बोंडअळीच्या बाबतीत हा पाठ तेहतीस कोटींहून अधिक अक्षरांचा आहे.

या कृतीला 'आराखडा' हे नाव देणे सर्वांत कमी समर्थनीय होय. आराखडा इमारतीच्या आधी तयार होतो, त्यामागे आखणाऱ्याचा हेतू असतो आणि त्याच्या प्रत्येक रेषेला प्रत्यक्षात प्रतिरूप असते. कीटकाच्या जनुकसंचात यांपैकी काहीच नाही; उलट स्वत:च्याच प्रती काढून इकडेतिकडे घुसलेल्या, वारंवार पुनरावृत्त होणाऱ्या मजकुराचा भरणा त्यात मोठा असतो. या शब्दाचा अधिक विचार करण्याचे कारण नाही.

'लिपी उकलली' हा प्रयोग मात्र विचार करण्याजोगा आहे. मराठीच्या अभ्यासकास येथे महानुभावांच्या सकळ लिपीचे स्मरण व्हावे. सांकेतिक अक्षरांत बंदिस्त असलेले ते ग्रंथ शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकास अगम्य होते. विसाव्या शतकाच्या आरंभी संकेताची किल्ली हाती येताच ते वाचता येऊ लागले, कारण लिपीच्या आड असलेली भाषा यादवकालीन मराठी होती व ती अभ्यासकांस अपरिचित नव्हती. कीटकाच्या बाबतीत परिस्थिती नेमकी उलटी आहे. डीएनएतील तीन-तीन अक्षरांच्या चौसष्ट गटांपैकी एकसष्ट गट वीस अमिनो आम्लांचे निदर्शक असून उरलेले तीन विरामाचे काम करतात, हे कोष्टक 1966 मध्येच पूर्ण झाले होते. म्हणजे लिपीची किल्ली पहिल्या कीटकाच्या क्रमापूर्वी चौतीस वर्षे हाती होती. अज्ञात होती व बव्हंशी अद्यापही आहे ती भाषा. 2000 साली लिपी उकलली असे लिहिणारा मराठी लेखक, अशा रीतीने, एका जुन्या शोधाचे श्रेय नव्या यंत्रास देतो.

या गोंधळाचा दोष केवळ वृत्तलेखकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. जीवशास्त्राने 'संकेत', 'प्रतिलेखन', 'भाषांतर' हे शब्द भाषाव्यवहारातून उसने घेतले आणि भाषाशास्त्राने ते कर्ज कौतुकाने मान्य केले. रोमान याकोबसन व फ्रान्स्वा झाकोब यांनी 1968 मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवरील चर्चेत जनुकीय संकेत आणि मानवी भाषा यांच्या रचनासाम्याचा विचार केला, तेव्हापासून ही उपमा विद्वत्‌संमत झाली. घटक थोडे, त्यांच्या रचना अगणित, एवढ्यापुरते साम्य खरेच आहे. पण भाषेत वाक्याला श्रोता असतो. पेशीत तसा कोणी नाही.

मग 'वाचन' या शब्दाचे काय करावे? मराठीला या ठिकाणी वैदिक परंपरेतील एक भेद उपयोगी पडेल. संहितापाठात शब्द संधीने जोडलेले, अखंड असतात. पदपाठात ते सुटे केले जातात. शाकल्याने ऋग्वेदाचा पदपाठ सिद्ध केला, ते एक प्रकारे व्याकरणाचेच कार्य होते, कारण शब्द कोठे तोडावा हे ठरविताना अर्थाचा निर्णय आपोआप करावा लागतो. ऋग्वेदातील सहा ऋचांना पदपाठ नाही, ही गोष्टही मोठी सूचक आहे. क्रमनिर्धारणाने हाती येते ती संहिता. तीत जनुक कोठे सुरू होते, कोठे संपते, मधला कोणता मजकूर गाळला जातो, हा सारा पदपाठ होय आणि तो निराळ्या प्रमाणांनी सिद्ध करावा लागतो. 1977 मध्ये असे आढळून आले की, उच्च कोटीच्या जीवांत जनुक सलग नसते. त्याच्या आरएनए-प्रतीतून मधले तुकडे काढून उरलेले जोडले जातात. म्हणजे पदविच्छेद पेशी स्वत:च करते आणि तो दर वेळी एकसारखा करीलच असे नाही.

ही सूक्ष्मता निव्वळ पांडित्याची नव्हे, हे गुलाबी बोंडअळीच्या इतिहासावरून दिसते. जुने कृषिलेखक जिला शेंदरी बोंडअळी म्हणत, तीच ही. भारतात बीटी कापसास 2002 मध्ये परवानगी मिळाली व दोन विषद्रव्ये असलेला दुसरा प्रकार 2006 मध्ये आला. पहिल्या विषद्रव्यास ही अळी गुजरातेत दाद देईनाशी झाल्याचे 2010 मध्ये जाहीर झाले. 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातील कापूस तिने दुसऱ्या प्रकारासह पोखरला. अळीच्या आतड्यातील कॅढेरिन नावाच्या प्रथिनास विषद्रव्य चिकटले तरच ते मारक ठरते. अमेरिकेतील प्रतिकारक अळ्यांत या प्रथिनाच्या जनुकाचे तीन बिघडलेले पाठ आरंभी सापडले होते व तेवढ्यांवर नजर ठेवल्यास प्रतिकाराची चाहूल लागेल अशी आशा होती. फॅब्रिक, टॅबाश्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये भारतातील अळ्या तपासल्या, तेव्हा त्याच जनुकाचे आठ नवे बिघडलेले पाठ आढळले. आणि त्या आठांपासून आरएनएच्या एकोणीस निरनिराळ्या प्रती निघत होत्या. आठांपैकी सात पाठांचा पदविच्छेद एकाहून अधिक रीतींनी होत होता. दुसऱ्या विषद्रव्याच्या प्रतिकारामागेही, एका वेगळ्या जनुकात, चुकीच्या जोडणीचाच प्रकार 2018 मध्ये उघडकीस आला.

तात्पर्य, ज्याला 'बोंडअळीचा ग्रंथ' म्हणावे असा एक पाठ शेतात नाही. प्रसिद्ध होतो तो संदर्भपाठ. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीशी त्याची तुलना करता येईल: संपादकांनी सिद्ध केलेली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी नाही, त्याप्रमाणे कित्येक संदर्भपाठही कोणा एका किड्याचे नसतात, लहान किड्यापासून मिळणारे डीएनए अत्यल्प असल्याने अनेकांचे एकत्र करावे लागते. फरक एवढाच की, चिकित्सक आवृत्तीत पाठभेद त्याच पानावर तळाशी छापलेले असतात आणि तिचा वाचक ते पाहतो. कीटकाच्या बाबतीत शेतकऱ्याचे नुकसान करतात ते पाठभेदच, आणि वृत्तलेखनात नेमके तेच गळतात.

वडवणीच्या शिवारातली भाषा या बाबतीत अधिक सावध आहे. न उमलता पाकळ्या मिटून राहिलेल्या फुलाला शेतकरी 'डोमकळी' म्हणतो. आत अळी शिरल्याची ती खूण असते आणि या शब्दात खुणेपलीकडचा दावा नाही. हरभऱ्यावर 'घाटेअळी' आणि कापसावर 'हिरवी बोंडअळी' अशी एकाच किड्याची दोन नावे आहेत, याला अज्ञान म्हणण्याची घाई करू नये. नुकसान कोठे होते यावरून ती पडली आहेत.

परिभाषेपुरते पाहता 'क्रमनिर्धारण' हा रूढ होत असलेला शब्द कायम ठेवावा. तो रुक्ष आहे, पण खोटा नाही. जनुकांची ओळख पटविण्याच्या कार्यास 'पदविच्छेद' म्हणता येईल आणि शेताशेतांतील भेदांस 'पाठभेद'. 'वाचन' हा शब्द, एखाद्या जनुकाचा पाठ, त्याचा विच्छेद आणि अळीच्या अंगी दिसणारा परिणाम हे तिन्ही जुळले असतील, तेवढ्याच ठिकाणी वापरावा. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत आज तो कॅढेरिनसारख्या मोजक्या जनुकांना लावता येतो.